दोन डिस्कांचा आरसा

आवाज पहिला मी ऐकला. घरात बाकी कुणाला तो ऐकूच येत नव्हता. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातून मधूनच टिक्‌-टिक्‌, मग थोडं घरघरणं, मग गप्प. सूनबाई म्हणाली, "बाबा, पंखा असेल." मी म्हटलं, "पंखा नाही. बेअरिंग आहे." मरोळच्या कारखान्यांत सदतीस वर्षं लेथवर उभा होतो मी. मशीन कुठे दुखतंय ते मला लांबून कळतं. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी, पण कान पूर्ण शिकलेला आहे.

आवाज डिस्कचा निघाला. कॉम्प्युटर चालू होतो ती डिस्क वेगळी, छोटी. ही दुसरी, साठवणीची. तिच्यात मुलाच्या लग्नाचे फोटो, नातीचे फोटो, कसली कसली बिलं. ते सगळं गेलं असतं तरी मी जेवलो असतो. पण तिच्यात माझ्या मोठ्या भावाचं गाऱ्हाणं होतं.

आमच्या गावात, खाली कोकणात, जत्रेच्या दिवशी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गावासाठी देवाकडे मागणं मागायचं, मोठ्या आवाजात, एका दमात. ते लिहायचं नाही. बापाच्या तोंडून मुलाच्या कानात जायचं, बस. भाऊ होता तोवर त्यानं घातलं. चार वर्षांपूर्वीच्या जत्रेत मी खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर ते घेतलं, कुणाला न सांगता. दोन वर्षांनी भाऊ गेला. त्या वर्षी सुतक म्हणून दुसऱ्या घराण्यातल्या माणसानं जमेल तसं गाऱ्हाणं घातलं, आणि तेव्हापासून त्या घरातली माणसं आमच्याकडे बघून जरा जास्तच हसतात. पुढच्या वर्षी पुतण्याचा पाय मोडलेला, तो उभाच राहू शकला नाही. म्हणजे दोन वर्षं झाली. आता तिसऱ्या वर्षीही आमचा माणूस उभा राहिला नाही, किंवा उभा राहून अडखळला, तर मान गेलाच. आणि त्यांच्या दारात जाऊन "आम्हाला शिकवा" म्हणायचं, तर मान आपल्या हातानं ताटात घालून देण्यासारखं.

पुतण्यानं रेकॉर्डिंग मागितलं होतं. "काका, मोबाईलर धाडा." मी सांगितलं, "धाडूचंय नाय. देवाचा गाऱ्हाणा काय गुड मॉर्निंगचो फोटो आसा फिरवूक? तू मुंबयक ये. हय बस, ऐक, शीक." तो म्हणाला, जत्रेच्या आधी आठ दिवस रजा काढून येतो.

जत्रेला दीड महिना होता आणि डिस्क टिकटिकत होती.

सूनबाई एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. ती म्हणाली, "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या फोनमध्ये एक कॉपी ठेवते, एक नेटवर."

"नेटवर म्हणजे कुणाकडे?"

"कुणाकडे असं नसतं हो."

"कुणाकडे तरी असतंच. वस्तू आहे म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर आहे."

ती कपाळाला हात लावून कामाला गेली. मला तिचा राग नव्हता. पण माझ्या घरातली वस्तू मी सांभाळणार, एवढं साधं होतं. नाक्याजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं सांगितलं, काका, दोन सारख्या डिस्क घ्या आणि त्यांचा आरसा करा. मिरर. कॉम्प्युटरमध्येच तशी सोय असते, वेगळं यंत्र लागत नाही. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक मेली तर दुसरी चालू. मला हे लगेच पटलं. "मी येऊन करून देऊ का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हात आहेत मला."

हात होते, इंग्रजी नव्हतं. डबा उघडून दोन डिस्क बसवणं, वायर लावणं, स्क्रू आवळणं हे वीस मिनिटांत झालं. पुढचं तीन दिवस चाललं. स्क्रीनवर एक शब्द आला की तो मी अक्षर अक्षर करून मोबाईलमध्ये टाकायचा, मोबाईल मराठीत अर्थ बोलणार, मग मी विचार करणार, मग बटण. एका ठिकाणी मोबाईल म्हणाला, "सर्व माहिती पुसली जाईल." मी खुर्चीतून उठलोच. कोणत्या डिस्कची? नव्या दोन की जुनी? खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. कॉम्प्युटर बंद केला, जुन्या डिस्कची वायर काढून टाकली, म्हणजे ती पुसली जायचा सवालच नाही, आणि मग परत चालू करून बटण दाबलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लेथवर फिरत्या भागाला हात लावायच्या आधी मोटर बंद करतात, तेवढीच अक्कल.

मग टक्के सुरू झाले. दोन्ही डिस्क एकसारख्या होईपर्यंत कॉम्प्युटर टक्के दाखवतो. दुपारी जेवून बसलो तेव्हा तीन टक्के. चहाला नऊ. मी बसू शकत नव्हतो. नऊवरून दहा होईपर्यंत मी दोनदा खाली जाऊन आलो. एकदा कोथिंबीर आणली. दुसऱ्यांदा काहीच आणलं नाही, नुसता आरेकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथं उभं राहून वाटलं की आता वीज गेली असेल, म्हणून धावत आलो. वीज होती. अकरा टक्के.

"बाबा, तुम्ही बघितलंत म्हणून ते लवकर नाही होत," सूनबाई म्हणाली.

"न बघितल्यानंही नाही होत."

दुसऱ्या दिवशी झालं. जुनी डिस्क परत जोडली आणि सगळा माल तिच्यातून आरशावर आणला. गाऱ्हाणं लावलं. भावाचा आवाज आला. सुरुवातीची चार वाक्यं ऐकली आणि बंद केलं. ते मी नेहमी तिथंच बंद करायचो. पुढे ऐकवत नाही.

मग परीक्षा घेतली. कारखान्यात पहिला नग तपासल्याशिवाय पुढचा माल काढत नाहीत. कॉम्प्युटर बंद करून एक डिस्क काढली, चालू केला, गाऱ्हाणं वाजलं. ती परत लावली. पुन्हा टक्के, पुन्हा माझ्या खालीवर फेऱ्या. मग दुसरी काढली. तरी वाजलं. मी सूनबाईला हाक मारून दाखवलं. ती खरंच खूश झाली, म्हणाली, "झकास बाबा! आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांना जमत नाही." आणि लगेच पुढे, "पण हा आरसा आहे हं, बॅकअप नाही. एक कॉपी बाहेर काढून ठेवा."

"दोन आहेत ना?"

"दोन नाहीत, बाबा. एकच आहे, दोन जागी."

मला वाटलं, शिकलेल्या माणसाला शेवटचा शब्द आपलाच लागतो. ऐकून घेतलं, केलं नाही.

जुनी डिस्क टेबलावर पडून होती. आता तिचं काम नव्हतं. आणि इथं माझी कारागिराची जात आडवी आली. सदतीस वर्षं यंत्रं उघडलेला माणूस, मला बंद डबी बघवत नाही. स्क्रू चांदणीच्या तोंडाचे होते, ते काढायला मी एक जुना पेचकस घासून त्या मापाचा केला, त्यातच सकाळ गेली. झाकण निघालं. आत जी तबकडी होती, तसं फिनिश मी आयुष्यात दिलं नाही, कुणी दिलेलं पाहिलंही नाही. आम्ही मायक्रोमीटरच्या एका रेघेसाठी सुपरवायझरच्या शिव्या खायचो, आणि ही तबकडी अशी, की तिच्यात माझ्या नाकातले केससुद्धा मोजता यावेत. बोट फिरवल्याशिवाय राहवेना. फिरवलं. बोटाचा ठसा उमटला. फडक्यानं पुसला. किती वेळ तिच्याकडे बघत बसलो कोण जाणे. डिस्क उघडली की मेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी उघडली असती. आरसा होता ना माझ्याकडे.

मग मला चैन पडेना. पुतण्या येणार, त्याला स्वच्छ ऐकवायचं. रेकॉर्डिंगमध्ये जनरेटरचा आवाज फार. आवाज कापायचं एक सॉफ्टवेअर सूनबाईनं कधीतरी घातलेलं होतं. आवाजाच्या जागी पडद्यावर रेघ दिसते, करवतीच्या दात्यांसारखी. भाऊ बोलतो तिथं दाते मोठे. मी बघितलं, मोठे दाते संपतात, मग एक सपाट जागा, आणि पुढे नुसता जाड पट्टा. सपाट जागेपाशी थोडं ऐकलं. भाऊ थांबलेला, ढोल वाजतोय, जनरेटर धडधडतोय, माणसं बोलतायत. म्हणजे गाऱ्हाणं संपलं. पुढचा कचरा. पट्टा निवडला, कापला, त्याच नावानं जतन केलं, आणि हात झटकले. जॉब पुरा झाला की लेथवरचा बुरादा झाडतात तसं.

चार दिवसांनी पुतण्याचा फोन. तिकीट काढलं म्हणाला. मग म्हणाला, "काका, शेवटची थळां आसत मां त्यात? माका ती तर जराय येणत नाय. बाबा थंय लय भराभर म्हणत."

थळं म्हणजे गावच्या सीमेवरच्या देवाच्या जागा. गाऱ्हाण्याच्या शेवटी त्या एकेक करून क्रमानं हाका मारून बोलवायच्या. एक राहिली तर ती रुसते आणि गाव कुजबुजतं.

"आसत तर," मी म्हटलं. फोन ठेवला आणि कॉम्प्युटरपाशी गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकलं. भाऊ मागणं मागतो, मग थांबतो. आणि फाईल संपते.

थळं नव्हती. भाऊ दम घ्यायला थांबला होता. त्या जाड पट्ट्यात, ढोलाच्या खाली, तो थळं म्हणत होता, आणि तो पट्टा मी कापला होता.

पहिला विचार, आरसा आहे. कॉम्प्युटर बंद केला, एक डिस्क काढली, दुसरीवर लावलं. भाऊ थांबतो, फाईल संपते. ती काढली, पहिली लावली. भाऊ थांबतो, फाईल संपते. दोघींनी एकच साक्ष दिली. मी किती वेळा काढल्या-लावल्या ते आठवत नाही. हात घामानं ओले, स्क्रू निसटून पलंगाखाली गेला, मी पालथा पडून शोधतोय, तेवढ्यात सूनबाई कामावरून आली.

"बाबा! काय झालं? पडलात?"

"स्क्रू शोधतोय."

तिनं माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. मी सगळं सांगितलं. ती "मी सांगितलं होतं ना" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"जुनी डिस्क कुठाय?"

"आहे."

"द्या मग. तिच्यात असेल की सगळं."

"उघडली."

"उघडली म्हणजे?"

"म्हणजे स्क्रू काढले. आत बघितलं."

"नुसतं बघितलं ना?"

"पुसली थोडी."

तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि हसता हसता म्हणत होती, "सॉरी बाबा, सॉरी, वाट लागली." मग उठून चहा टाकला. रविवारी अर्धा दिवस ती बसली, पुसलेलं परत काढायचं काहीतरी चालवून. नातीचे हरवलेले दोन फोटो निघाले. गाऱ्हाणं निघालं नाही.

पुढचे तीन दिवस मी घरात टिकलो नाही. सकाळी मरोळच्या जुन्या शेडींवरून चालत जायचो, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा. चालताना थळं जुळवायचो. वेशीवरचो, वडाखालचो, तळ्यावरचो. पाणंदीतलो. मग कातळावरचो. मग मळ्यातलो का? एकूण नऊ, एवढं पक्कं. माझी सहा व्हायची, कधी सात, आणि दर वेळी सातवं वेगळं. रस्त्यात एकानं विचारलं, "काका, कुणाला शोधताय?" पुतण्याला काय सांगायचं तेही जुळवत होतो. मशीन बिघडली. वीज गेली. कॉम्प्युटरला व्हायरस लागला. मी आयुष्यात खराब नग दुसऱ्याच्या ढिगात टाकला नाही, आणि आता भावाच्या मुलाला फसवायला वाक्यं घासत होतो.

चौथ्या दिवशी गावच्या घरी फोन लावला. उचलला वहिनीनं, भावाच्या बायकोनं. पुतण्या कामावर होता.

"काय झाला भावोजी? आवाज असो कित्याक?"

"कॉम्प्युटर बिघाडलो, वयनी. थळांचा गेला त्यातला."

"बिघाडलो, की तुमी बिघाडवलास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लहानपणी घड्याळ उघडून बसलेलास, ता माका सासूबायनी सांगितल्यानी हा."

मग मला खरं सांगावंच लागलं. ती ऐकत होती. मागे कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "थळां होयी मां? आयका तर." आणि सुरू झाली. वेशीवरच्या म्हाराजा, वडाखालच्या म्हाराजा. कुठे अडखळ नाही, दम घेणं नाही. मी फोन कानाला लावून उभाच राहिलो. बायकांनी गाऱ्हाणं म्हणायचं नसतं. त्या देवळात मागे उभ्या असतात.

"तुका... तुमका कसा येता?" मी विचारलं.

"तुमचे भाव जत्रेच्या आधी पंधरा दिस पडवेर फेरे मारीत थळां म्हणत. मी चुलीकडे भाकऱ्यो थापतंय. चुकले काय मी खोकतंय. मगे ते परत पयल्यापासून. चाळीस वर्सां खोकलंय, भावोजी."

मी म्हटलं परत म्हणा. तिनं म्हटलं. सहाव्याला, ओढ्यावरच्या थळापाशी, मी अडवलं. "थांबा. आधी मळ्यातलो, मगे व्हाळावरचो."

"नाय. आधी व्हाळावरचो."

"अहो वयनी, मी जन्मापासून आयकतंय. मळ्यातलो आधी!"

"तुमी चवदा वर्सांचे होवन मुंबयक गेलास. मागसून कालवो इलो. व्हाळावरचा थळ पाण्यात जाता म्हणान उचलून अलीकडे बसवला. तुमच्या भावान तीन वर्सां देवाचो कौल घेतल्यान आणि मगे क्रम बदलल्यान. तुमी रेकाडिंग केलास मां? त्यात आयकूक नाय?"

चार वर्षं ती फाईल माझ्याकडे होती. तिच्यासाठी मी दोन डिस्क आणल्या, टक्के मोजले, रस्ता झिजवला. आणि चार वाक्यांच्या पुढे ती ऐकली नव्हती. ऐकली असती तर तो क्रम मला माहीत असता, आणि मग ती कापलीही नसती.

"बरा," मी म्हटलं. "आधी व्हाळावरचो." हे एवढं बोलायला मला वेळ लागला.

"पोराक थळां मी शिकवतंय. तो मुंबयक येवक नको, उगाच रजा जाता. पण सुरवात माका येणा नाय. ती तुमचे भाव घरात कधीच म्हणत नसत, देवळातच. ती तुमच्याकडे रवली आसा मां?"

"आसा."

"मगे धाडा."

मी टेबलाखालच्या डब्याकडे बघितलं.

"भावोजी, धाडतास मां? जत्रा खंय दूर आसा?"

संध्याकाळी सूनबाई आल्यावर तिला म्हटलं, ते अर्धं राहिलंय ते पुतण्याला पाठव. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "विचारू नकोस, पाठव. तुझ्या फोनमध्येपण ठेव. ते नेटवरच्या माळ्यावरपण टाक." तिनं माझ्याच मोबाईलवरून पाठवलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. एक टिक आली. मग दुसरी. निळी होईना. मी खाली उतरलो, नाक्यापर्यंत गेलो, मोबाईल बघितला, परत आलो, पुन्हा उतरलो. जिन्यात असताना निळी झाली. उत्तर काही नाही. तास गेला. ऐकत असेल. की बापाचा आवाज ऐकून तोही चार वाक्यांवर थांबला असेल?

जेवायला बसलो तेव्हा त्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. सुरुवात म्हणून दाखवली होती. आवाज बारीक, लाजल्यासारखा, पण पट्टी घरचीच. पहिलं वाक्य बरोबर, दुसरं बरोबर, तिसऱ्याला घसरला, मधला एक शब्द गिळला आणि तसाच पुढे गेला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आधी जेवा." मी डाव्या हातानंच फोन लावला.

"अरे, तिसऱ्याक काय केलंस? परत म्हण. पयल्यापासून."